वाचकांचे प्रश्न : डिबगरचा पॅच तपासताना

गेल्या अंकात याच सदरात मी लिहिले होते की, डिबगरसाठी (दुसऱ्या प्रोग्राममधले दोष शोधण्याच्या साधनासाठी) आलेला पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, इतर कोणत्याही प्रोग्रामच्या पॅचपेक्षा अधिक संशयाने वाचावा. त्याचे कारण मात्र मी दिले नव्हते, आणि पुण्याचे वाचक अशी उधारी फार दिवस ठेवू देत नाहीत. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेवरून नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका मुक्तस्रोत डिबगरमध्ये लांबलचक मराठी स्ट्रिंग छापली की तिच्या शेपटाला कचरा दिसत असे. त्यावर मी चाळीस ओळींचा पॅच पाठवला. तपासणाऱ्यांनी आधी वेगळी टेस्ट मागितली, मग पॅचचे दोन भाग करायला लावले, मग कमिटचा (बदलाच्या नोंदीचा) मजकूर पुन्हा लिहायला सांगितला. महिना उलटला. माझ्या लॅपटॉपवर पॅच पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालतो आहे. हा छळ नव्हे का? — एक विद्यार्थिनी, कर्वेनगर

उत्तर : आपण पत्रासोबत पॅचही पाठवलात हे फार बरे केलेत, कारण त्यामुळे मोघम बोलावे लागत नाही.

आपल्याला सापडलेला दोष खरा आहे. हा डिबगर स्ट्रिंग छापताना २०० बाइटांवर थांबतो. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मध्ये मोकळ्या जागा नाहीत असे धरले तर ६६ चिन्हांना १९८ बाइट लागतात आणि ६७ व्या चिन्हाचे पहिले दोनच बाइट हाती राहतात. ते चिन्ह ‘म’ असेल, तर त्याचे बाइट अष्टमान पद्धतीत ३४०, २४४ आणि २५६ असे असतात. शेवटचा बाइट कापला गेल्यामुळे उरलेल्या दोघांचे अक्षर होत नाही आणि डिबगर ते आकडेच तिरक्या रेघा लावून छापतो. आपण हा काप मागच्या पूर्ण चिन्हाच्या सीमेवर नेलात. इथवर सर्व ठीक आहे.

आता आपले लूप पाहा. शेवटून सुरुवात करून, ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ०, म्हणजे जो बाइट एखाद्या चिन्हाच्या मधला आहे, तो सोडून देत ते मागे जाते. किती मागे जावे याला आपण मर्यादा घातलेली नाही. स्ट्रिंग सुदृढ असेल तोवर हे चालेल. पण डिबगर उघडायची वेळ पुष्कळदा येते ती मेमरी बिघडली असेल तेव्हा. समजा, एखाद्या चुकार कोडने स्ट्रिंग ठेवलेला तो सगळा बफर (मेमरीतली राखीव जागा) दशमान १२८ या एकाच मूल्याने भरून टाकला आहे. त्यातला प्रत्येक बाइट आपल्या लूपला ‘मधला’ वाटेल, ते थेट आरंभापर्यंत मागे येईल आणि पडद्यावर रिकामी स्ट्रिंग दिसेल. पाहणारा समजेल की स्ट्रिंग रिकामीच आहे, आणि ती कोणी रिकामी केली याचा शोध घेत बसेल. आपल्या पॅचच्या आधी त्याला कचरा दिसला असता. मात्र मेमरीत खरोखरच कचरा होता, म्हणून तो कचरा हेच योग्य उत्तर होते.

गेल्या अंकातल्या वाक्याचे कारण हेच. ब्राउझर चुकला तर माणूस पान पुन्हा लोड करतो. डिबगर चुकला तर माणूस स्वतःच्या निर्दोष कोडवर संशय घेतो. तीनहून अधिक बाइट मागे जाऊ नये, आणि तेवढ्यात चिन्हाचा आरंभ सापडला नाही तर बाइट जसेच्या तसे दाखवावेत, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. यूटीएफ-८ मधले कोणतेही चिन्ह चार बाइटांपेक्षा मोठे नसते. ‘क्ष’ हे जोडाक्षर तीन चिन्हांचे मिळून होते, तेव्हा तेही मध्येच तुटू नये असा मोह आपल्याला पुढे होईल. तो आवरावा. जोडाक्षरे सुबक दाखवणे हे छपाईचे काम आहे, डिबगरचे नव्हे.

टेस्टविषयी. आपण पहिल्यांदा दिलेल्या टेस्टमध्ये ‘मराठी’ ही स्ट्रिंग होती. ती १५ बाइटांची आहे. २०० च्या सीमेपर्यंत ती पोहोचतच नाही, त्यामुळे आपला पॅच काढून टाकला तरी ती टेस्ट पास होते. मी स्वतः काढून पाहिला. पॅचविना नापास आणि पॅचसह पास, या दोन्ही गोष्टी दाखवल्याशिवाय टेस्टला काही अर्थ नाही, आणि तपासणाऱ्यांनी नेमके तेच मागितले होते.

पॅचचे दोन भाग करायला सांगितले, कारण त्याच फंक्शनमधल्या सात व्हेरिएबलांची नावेही आपण बदलली होती. पाच वर्षांनी कोणी गिट बायसेक्ट करत, म्हणजे दोष कोणत्या कमिटपासून आला हे इतिहास निम्मा-निम्मा करत शोधत, या कमिटवर येऊन थांबला, तर वर्तन बदलणारी ओळ त्याला नामांतराच्या गर्दीतून शोधावी लागेल. कमिटच्या मथळ्यात आपण ‘मराठी दुरुस्त केले’ असे लिहिले होते. तमिळ, बंगाली, थाई आणि बहुतेक चिनी चिन्हेही तीनच बाइटांची असतात. दोष मराठीचा नव्हता, काप कोठे घ्यावा याचा होता.

छळाच्या आरोपात मात्र तथ्य आहे. या सर्व सूचना पहिल्याच उत्तरात देता आल्या असत्या. एक दुरुस्ती करून घ्यायची, आठवडा जाऊ द्यायचा, मग दुसरी आठवायची, ही तपासणाऱ्याची ढिलाई होय. आणि वर सांगितलेले लूप त्यांच्याही नजरेतून सुटले आहे, हे त्यांना नम्रपणे कळवावे.

प्रश्न : आठ वर्षे सी++ मध्ये काम केल्यावर मला एका मुक्तस्रोत डिबगरच्या रिव्ह्यूअरांत घेतले आहे. ब्रेकपॉइंट (प्रोग्राम ठरावीक जागी थांबवण्याची खूण) आणि मेमरी वाचणे हा भाग माझ्याकडे आला आहे. पॅच हातात आला की पहिल्यांदा काय वाचावे? — हिंजवडीतील एक अभियंता

उत्तर : पहिल्यांदा टेस्ट वाचावी; ती का, हे वरच्या उत्तरात आले आहे. त्यानंतर मुख्य कोड नव्हे, तर काम फसल्यावर कोड जिकडे वळतो त्या वाटा वाचाव्यात.

यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पॅच माझ्यापुढे आला. त्यात स्ट्रक्चर छापण्यासाठी बफर घेतला होता, तो आधी शून्यांनी भरला होता आणि मग त्यात प्रोग्रामची मेमरी वाचली होती. ‘बफर शून्य केलास हे छान’ असा शेरासुद्धा मी मारला. मेमरी वाचणारे फंक्शन किती बाइट मिळाले ते परत सांगत होते आणि ती संख्या पुढे कोणीच पाहत नव्हते, ही ओळ माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला ती दिसली नाही. पुढे एका सहकाऱ्याने कोर डंप (कोसळलेल्या प्रोग्रामच्या मेमरीची जपून ठेवलेली प्रत) उघडला. त्याला एका स्ट्रक्चरमधला पॉइंटर नल (शून्य, कोठेच न नेणारा) दिसला आणि तो नल कोणी केला हे शोधण्यात त्याचे दोन दिवस गेले. पॉइंटर नल नव्हताच. ते स्ट्रक्चर मेमरीत मॅप केलेल्या एका फाइलमध्ये होते, आणि लिनक्स अशी फाइलची पाने नेहमीच्या मांडणीत कोर डंपमध्ये घालत नाही. वाचायला काही मिळालेच नव्हते. मीच मंजूर केलेली शून्ये त्याला मूल्य म्हणून दाखवली जात होती. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याने मला हे सांगितले, तेव्हा तो पॅच कोणी मंजूर केला होता हे त्याला ठाऊक नव्हते. मी सांगितले. चहाचे पैसे अर्थातच मी दिले.

चांगला डिबगर अशा वेळी ‘या पत्त्यावरची मेमरी वाचता येत नाही’ असे म्हणतो. कंपायलरने एखादे व्हेरिएबल मोडीत काढले असेल, तर जीडीबी हा मुक्तस्रोत डिबगर त्याच्या जागी ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे छापतो. नवख्यांना त्याचा राग येतो, पण ते अत्यंत प्रामाणिक उत्तर आहे. तेव्हा पॅचमध्ये कोठेही नापास वाचनाऐवजी शून्य, रिकामी स्ट्रिंग किंवा जुने मूल्य पुढे सरकत असेल, तर तेथेच थांबावे.

ब्रेकपॉइंटच्या कोडमध्ये हाच धोका वेगळ्या रूपाने येतो. एक्स८६ वर, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर, डिबगर ब्रेकपॉइंट लावतो म्हणजे त्या जागच्या इन्स्ट्रक्शनचा पहिला बाइट काढून तेथे दशमान २०४ हा बाइट ठेवतो; एवढ्या एका बाइटची ती स्वतंत्र इन्स्ट्रक्शन आहे. प्रोसेसर तेथे आला की सापळा लागतो, कर्नल प्रोग्राम थांबवतो आणि इन्स्ट्रक्शन पॉइंटर एक बाइट पुढे गेलेला असतो. डिबगर तो एकने मागे घेतो, मूळ बाइट जागेवर ठेवतो, तेवढी एकच इन्स्ट्रक्शन चालवतो, पुन्हा २०४ बसवतो आणि मग प्रोग्राम मोकळा सोडतो.

आता या क्रमातल्या फटी मोजाव्यात. मूळ बाइट परत ठेवला आहे त्या क्षणी दुसरा थ्रेड (त्याच प्रोग्रामचा समांतर चालणारा धागा) तेथून गेला, तर तो न थांबताच निघून जातो. म्हणून एक तर सर्व थ्रेड थांबवावे लागतात, नाहीतर त्या इन्स्ट्रक्शनची प्रत दुसऱ्या जागी नेऊन तेथे चालवावी लागते. पॅच थ्रेडांविषयी चकार शब्द काढत नसेल, तर तो आपण काढावा. ६४ बिट आर्म प्रोसेसरवर सापळ्याची इन्स्ट्रक्शन चार बाइटांची असते आणि थांबल्यावर पॉइंटर तिच्यावरच असतो. त्यामुळे ‘एक वजा करा’ ही ओळ सर्व प्रोसेसरांना सरसकट लावणारा पॅच लेखकाच्या लॅपटॉपवर सुरळीत चालेल आणि इतरत्र एक बाइट अलीकडचा पत्ता दाखवेल. तिसरी फट सर्वांत फसवी. वापरणाऱ्याने त्या पत्त्यावरची मेमरी दाखवायला सांगितली, तर त्याला मूळ बाइट दिसला पाहिजे, डिबगरने स्वतः ठेवलेला २०४ नव्हे. मेमरी वाचण्याची नवी वाट काढणारा प्रत्येक पॅच ही अदलाबदल विसरू शकतो. तशी वाट दिसली की ब्रेकपॉइंट लावून ती जागा स्वतः छापून पाहावी. दोन मिनिटांचे काम आहे.

प्रश्न : कंस कोणत्या ओळीवर असावा, टॅब की स्पेस, यावर रिव्ह्यूमध्ये किती आग्रह धरावा? — वाचक, वारजे

उत्तर : मुळीच नाही. हे काम फॉरमॅटरकडे (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या प्रोग्रामकडे) सोपवावे आणि पॅच येताच तो आपोआप चालेल अशी व्यवस्था करावी. किरकोळ दुरुस्त्यांसाठी मात्र एक मार्मिक कसोटी सांगण्यासारखी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या जीडीबीत, उघड दिसणारी दुरुस्ती मंजुरीची वाट न पाहता घालण्याची मुभा मेंटेनरांना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) आहे. पण त्याआधी त्यांनी स्वतःला विचारायचे की, माझ्या कामाचा सर्वांत जास्त तिटकारा असलेल्या माणसाला तरी यात खोट काढता येईल का. आपल्याकडे असा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच, तेव्हा कल्पना करणे अवघड जाऊ नये.

प्रश्न : आमच्या छोट्या डिबगर प्रकल्पात एका अनोळखी योगदात्याने मुद्दाम बिघडवलेली एक एक्झिक्युटेबल फाइल टेस्ट म्हणून दिली आहे. ती उघडली की डिबगर कोसळतो आणि त्याच्या पॅचनंतर कोसळत नाही. पॅच सहा ओळींचा आहे आणि बरोबर दिसतो. फाइल स्वीकारावी का? — वाचक, औंध

उत्तर : पॅच स्वीकारावा, फाइल स्वीकारू नये.

२०२४ च्या मार्चअखेरीस उघडकीस आलेले एक्सझेडचे प्रकरण आपल्याला आठवत असेल. त्या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा मुख्य ऐवज ‘टेस्टच्या फाइली’ म्हणूनच प्रकल्पात शिरला होता, आणि तो बाहेर काढून जोडणारी बिल्डची ओळ फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) होती, गिटमधल्या कोडमध्ये नव्हती. तो घालणारा माणूस अनोळखी राहिला नव्हता; दोन-अडीच वर्षे उपयोगी पॅच देत तो सहमेंटेनर झाला होता. चोरी पकडली अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाने. एसएसएचचे (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणीचे) लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते, हे त्याला खटकले आणि त्याआधी व्हॅलग्रिंड या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनाने दाखवलेल्या काही तक्रारीही त्याच्या लक्षात होत्या. (नाव ‘व्हॅलग्राइंड’ असे उच्चारण्याची पद्धत आहे, पण ते करणाऱ्यांच्या मते शेवट ‘ग्रिंड’ असा ऱ्हस्व आहे.) त्या तक्रारी गोंगाट समजून कोणीतरी आधीच गप्प केल्या असत्या, तर काय झाले असते याचा विचार आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने एकदा तरी करावा.

आपल्या योगदात्यावर मी संशय घेत नाही. डिबगरला बिघडलेल्या फाइलींच्या टेस्ट हव्याच असतात आणि फझिंगमधून (मुद्दाम वेडेवाकडे इनपुट देऊन पाहण्यातून) त्या ढिगाने मिळतात. पण बायनरी फाइल वाचून तपासता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्यावर ‘तपासले’ अशी सही करता येत नाही. त्यांना सांगावे की, फाइलऐवजी ती तयार करणारा मजकूर द्या. एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पात वायएएमएल या साध्या मजकुराच्या स्वरूपातल्या वर्णनावरून ऑब्जेक्ट फाइल घडवणारे साधन आहे. जीडीबीच्या चाचणीसंचात ड्वार्फ या स्वरूपातली डिबग माहिती मजकुरातून रचणारा असेंबलर आहे. असेंब्लीत लिहिलेल्या वीस ओळीही पुष्कळदा पुरतात. बिघाड कोणत्या बाइटमध्ये आहे हे मग टेस्टमध्येच लिहिलेले राहते, आणि ‘पॅच बरोबर दिसतो’ या आपल्या वाक्यातला ‘दिसतो’ही गळून पडतो, कारण त्या सहा ओळी मूळ कारणावर आहेत की फक्त त्या एका फाइलवर, हे तेव्हा कळते.

एआयने लिहिलेल्या पॅचविषयी तिघांनी विचारले आहे, त्याचे उत्तर येथेच उरकतो. जेंटू या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये आणि क्यूएमू या एम्युलेटरच्या प्रकल्पाने २०२५ मध्ये असे योगदान न घेण्याचे धोरण स्वीकारले. इतर अनेक प्रकल्प ते घेतात. आपला प्रकल्प काय ठरवतो ते लेखी असावे, म्हणजे प्रत्येक पॅचवर नवा वाद होत नाही. डिबगरपुरते माझे निरीक्षण असे की, अशा कोडला कोसळण्याची फार भीती असते. ते प्रत्येक चूक गिळते आणि एखादे सोज्वळ डिफॉल्ट मूल्य परत करते. ते शून्यांनी भरलेल्या माझ्या बफरचे भावंड आहे. पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: वाचन फसले तर या ओळीनंतर वापरणाऱ्याला काय दिसेल? ज्याने कोड समजून घेतला आहे तो लगेच सांगतो.

प्रश्न : मी निवृत्त आहे. उमेदीची वर्षे युनिक्सवर सीमध्ये प्रोग्राम लिहिण्यात आणि एडीबी हा तिथला जुना डिबगर चालवण्यात गेली. आजचे सी++ मला झेपत नाही, पण वेळ भरपूर आहे आणि मशीन चांगले आहे. या कामात माझा काही उपयोग होईल का? — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपला उपयोग होईल, आणि तो आपण समजता त्यापेक्षा लवकर होईल. कोणत्याही डिबगर प्रकल्पात पॅच लिहिणारे पुष्कळ असतात, तपासणारे थोडे असतात, आणि पॅच उतरवून, बिल्ड करून, आपल्या यंत्रावर चालवून पाहणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जीडीबीत अशा कामाची नोंद कमिटमध्ये वेगळ्या ओळीने होते. ‘तपासले’ आणि ‘मंजूर केले’ यांच्या जोडीला ‘चालवून पाहिले’ अशीही ओळ तेथे असते. एडीबीच्या काळात आपण मेमरीचे आकडे कागदावर मांडून वाचले असतील. ती नजर आजच्या कोडलाही लागू पडते, कारण बाइट बदललेले नाहीत.

सुरुवातीला एक काळजी घ्यावी. पॅच लावण्याआधी मूळ कोडवर संपूर्ण चाचणीसंच चालवून त्याचा निकाल जपून ठेवावा. डिबगरच्या चाचणीसंचात काही टेस्ट आधीपासूनच नापास असतात. जीडीबीत त्यातल्या काहींवर ‘माहीत असलेला दोष’ अशी खूण असते, पण आपल्या लिनक्स वितरणावर आणि आपल्या कंपायलरवर आणखी काही नापास होतील. आधीचा निकाल हाती नसला, तर त्यांचे पाप नव्या पॅचच्या माथी जाते. काही टेस्ट एकदा पास आणि एकदा नापास होतात. त्यांत बहुधा डिबगरचे उत्तर तुकड्यातुकड्याने येते आणि टेस्ट अर्ध्यावरच निष्कर्ष काढते. जीडीबीमध्ये हे मुद्दाम घडवून आणण्याची सोय आहे: प्रत्येक वाचनात एकच बाइट हाती पडेल अशा रीतीने तोच चाचणीसंच चालवता येतो आणि घाईची टेस्ट पकडली जाते. याला वेळ फार लागतो. रात्री लावून झोपावे.

निकाल कळवताना प्रोसेसर, वितरण आणि कंपायलरची आवृत्ती लिहावी, कोणत्या टेस्टचा निकाल बदलला त्यांची नावे द्यावीत, आणि काहीच बदलले नसेल तर तेही कळवावे. पहिल्या पॅचसाठी वरच्या विद्यार्थिनीचा सुचवतो. दुरुस्त आवृत्ती आली की संपादकांमार्फत मी ती आपल्याकडे पाठवीन. २०० बाइटांच्या सीमेवर नेमके ‘म’ येईल अशी स्ट्रिंग तेवढी आपण स्वतः मोजून लिहावी.